झाकलेलं ताट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि सकाळी देवापुढे बसते तेव्हाही मी हा विषय शिताफीनं टाळते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखतही असाल — पुण्यात कधी इंग्रजी सुधारायचा क्लास लावला असेल, तर 'ताटवाल्या मॅडम' म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. हसा. मी त्या नावावर सोळा वर्षं जगले आहे.

गेल्या महिन्यात क्लासमध्ये माझा निरोप समारंभ झाला. सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास. खाली झेरॉक्सचं दुकान आणि जिन्यात चपलांचा ढीग. हार, पेढे, भाषणं, सगळं रीतसर झालं. आणि शेवटी मुलांनी मला भेट दिली — पितळेचं ताट, त्यावर घट्ट बसणारं पितळेचं झाकण, आणि झाकणावर माझं नाव कोरलेलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

तेव्हापासून ते ताट कुठे ठेवावं हेच मला कळत नाही. आधी शोकेसमध्ये ठेवलं. मग माळ्यावर टाकलं. नवऱ्यानं कौतुकानं पुन्हा खाली काढलं, आल्यागेल्याला दाखवायला. मग मी ते ओट्याखाली, जुन्या कुकरच्या मागे सारलं. हे लिहितानाही दोनदा उठून बघून आले — आहे तिथेच आहे. असायचंच ना तिथे, ते काय चालत जाणार आहे?

आधी माझ्याबद्दल सांगते. त्यावाचून तुम्हाला पुढचं कळणार नाही. मी तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं मला स्वतःला पास्ट परफेक्ट नीट कळलेला नव्हता. म्हणजे सूत्र पाठ होतं — हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. फळ्यावर लिहायचे, पाच वाक्यं द्यायचे, मोकळी व्हायचे. पण मुलं काही केल्या सुधारत नसत. आपण मराठीत सहज म्हणतो, गेल्या वर्षी महाबळेश्वरला गेलो होतो. तेच उचलून मुलं लिहीत — आय हॅड गॉन टू महाबळेश्वर लास्ट इयर. चूक आहे हे मला दिसायचं. का चूक, ते सांगता यायचं नाही. एका मुलानं विचारलं, मॅडम, 'होतो' आहे तर 'हॅड' का नको? मी म्हटलं, ते इंग्रजांना विचारा, ते गेले तेव्हा तुम्ही जन्मला नव्हतात. वर्ग हसला. मुलगा खाली बसला. माझं असं बरंच काम टोमण्यांवर चालायचं. ज्याला येत नाही, त्याला पुण्यात टोमणा तरी यावाच लागतो.

संध्याकाळच्या तुकडीत प्रज्ञा नावाची मुलगी होती. वारज्याहून यायची, दिवसा कुठल्याशा कार्यालयात टंकलेखन करायची. शांत, तिसऱ्या बाकावर, खांद्यावरची पिशवी मांडीवर घेऊन बसणारी. वर्गात फारसं बोलायची नाही. पण वर्ग सुटला की जिन्यात दोन-तीन मुली तिच्याभोवती थांबायच्या आणि मी शिकवलेलंच ती त्यांना पुन्हा समजावायची. एकदा मी वरून उतरताना ते ऐकलं. तिला शिकवायची मनापासून हौस होती — हे मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

दर गुरुवारी मी गृहपाठाच्या वह्या तपासायला घरी न्यायचे. एका गुरुवारी तिच्या वहीत, मागच्या पाच पानांवर, मराठीत काही लिहिलेलं होतं आणि वर टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती. शेजारच्या मुलांना शिकवण्यासाठी हे लिहिलंय, मॅडमनी एकदा बघावं, असं काहीसं. चिठ्ठीचं पुढे सांगते.

त्या पानांवर एक घर होतं. तिची आई टेलिफोनच्या कार्यालयात पाळीनं काम करायची. प्रज्ञा शाळेतून यायची तेव्हा आई कामावर गेलेली असायची, पण ओट्यावर ताट असायचं — परातीनं झाकलेलं, आणि मांजरीनं परात पाडू नये म्हणून वर पाट्यावरचा वरवंटा. प्रज्ञानं लिहिलं होतं : मी घरी आले ती एक गोष्ट. आईनं ताट झाकून ठेवलं होतं ती दुसरी, माझ्या येण्याच्या आधी संपलेली. झाकलेल्या ताटाला येणारं माणूस लागतं. कुणी येणारच नसेल तर ताट झाकायचं कुणासाठी? तसंच हॅडचं. नंतरची गोष्ट वाक्यात नाही, आगेमागेही नाही, तर हॅड कुणासाठी ठेवता?

एवढंच होतं. जेवणाच्या टेबलावर बसून मी ते वाचलं, आणि इतकी वर्षं न कळलेलं मला कळलं. आनंद झाला का? झाला. पण आनंदाच्या आधी राग आला. तिसऱ्या बाकावरची, मराठी शाळेत शिकलेली मुलगी — तिला सुचतं आणि मला नाही? हे असंच माझ्या मनात आलं होतं. आणि त्या 'तिला'मध्ये नुसतं तिचं वय किंवा तिची शाळा नव्हती. तिचं आडनावही होतं, तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं 'जय भीम'ही होतं. मी जातपात मानत नाही असं मी चारचौघांत नेहमी म्हणत आले. त्या रात्री टेबलावर चारचौघं नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तुकडीला मी फळ्यावर ताट काढलं.

तुम्ही कधी शिकवलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, वर्गाला एखादी गोष्ट एकदम कळते तेव्हा चेहरे कसे उजळतात. मला ते तोवर फक्त ऐकून माहीत होतं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा आपणहून वाक्यं सांगू लागली. एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुमची आई ठेवायची का असं ताट? आणि मी — काय सांगायला हवं होतं? एका विद्यार्थिनीचं आहे, इतकं सोपं होतं. मी म्हटलं, हो ना, आणि मांजर इतकी द्वाड, की वर वरवंटा ठेवायला लागायचा.

माझ्या आईनं आयुष्यात कधी ताट झाकून ठेवलं नाही. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात उशिरा येणाऱ्यानं पातेल्यातलं आपलं आपण वाढून घ्यायचं, असा नियम होता. मांजर तर आईला दारात खपत नसे. म्हणजे मी त्या मुलीचं नुसतं उदाहरण घेतलं नाही. तिची आई घेतली, मांजर घेतली, वरवंटासुद्धा सोडला नाही.

तिच्या तुकडीचे काळ शिकवून झाले होते, म्हणून तिला यातलं काही कळलं नाही. तिनं एकदा वही मागितली. अगं, घरी राहिली, म्हटलं. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा म्हटलं, सापडत नाहीये गं, बघते हं. तिसऱ्यांदा तिनं मागितली नाही. तिचं सत्र संपलं, पेढे घेऊन आली, पाया पडली, गेली.

इथवर कदाचित तुम्ही म्हणाल, शिक्षक उदाहरणं इकडून-तिकडून घेतातच. मीही स्वतःला तेच सांगायचे. पण मी जे सांगायला बसले आहे ते हे नाहीच. ते पुढे आहे — आणि मी मघापासून त्याच्याभोवती नुसत्या घिरट्या घालते आहे.

दोन-अडीच वर्षांनी ती परत आली. बाहेरून एम.ए. केलं होतं, इंग्रजी घेऊन. आमच्याकडे शिक्षिकेची जागा होती आणि तिनं अर्ज केला होता. आमच्या क्लासची एक पद्धत होती : नव्या माणसानं भरल्या वर्गापुढे एक तास घ्यायचा, आणि क्लासचे मालक — आम्ही त्यांना सर म्हणायचो — आणि मी, असे दोघांनी शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं. विषय ज्याचा त्यानं निवडायचा. ती आली, मला बघून मोकळं हसली. सकाळची तुकडी होती. तिनं विषय सांगितला — पास्ट परफेक्ट. आणि का नाही निवडणार? तिचं सगळ्यात चांगलं तेच होतं.

मला तेव्हाच उठता आलं असतं. पाणी प्यायला जाऊ या म्हणून तिला बाहेर नेता आलं असतं. मी बाकाच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत बसले.

तिनं फळ्यावर ताट काढलं. मुलांत कुजबुज झाली. तिनं परात काढली. दोघीतिघी वळून माझ्याकडे बघू लागल्या. तिला वाटलं असेल, मुलांना मजा येतेय. तिचा आवाज मोकळा झाला. ती म्हणाली, "आणि मांजरीनं पाडू नये म्हणून आई वर काय ठेवायची, सांगा बरं?" — आणि साठ मुलं एका सुरात ओरडली, "वरवंटा!"

मग सगळा वर्ग हसला. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, हे तर मॅडमचं आहे. प्रज्ञाचा हात खडूसकट तसाच वर राहिला. तिनं शेवटच्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी जुळवत होती — वही, न सापडणारी वही, ही मुलं, मी. आणि मग तिचं जुळलं. ते जुळताना मी पाहिलं.

सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "तुमचंच पाठ करून आली की ही."

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "माझीच विद्यार्थिनी आहे." आणि थोडं हसले. बघा, यात एक अक्षर खोटं नाही. तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईला इतकं बिनचूक खोटं बोलता येतं.

तिनं तास पुरा केला. हे मी विसरू शकत नाही. हसणाऱ्या वर्गापुढे तिनं उरलेली वीस मिनिटं पुरी केली, फळा पुसला आणि मगच खाली आली. सरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. सर तसे सज्जन माणूस. ते शांतपणे म्हणाले की दुसऱ्याचं जसंच्या तसं उचलणं आमच्याकडे चालत नाही, इथे शिकवणाऱ्याचं स्वतःचं काही लागतं. ती सरांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडमना विचारा, सर."

ती थांबली. मला पूर्ण संधी देऊन थांबली. पंखा फिरत होता, खालून झेरॉक्सच्या यंत्राचा आवाज येत होता. माझ्या हातात पेन होतं. मी त्याचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. आणि मग मी म्हणाले, "हुशार आहे मुलगी. अजून थोडी तयारी करू दे."

हे ते. हेच सांगायचं होतं.

"येते मॅडम," म्हणाली आणि गेली. तिच्या बोटांना खडू लागलेला होता, पिशवीच्या बंदावर त्याचे पांढरे ठसे उमटले. जिन्यात तिला आपली चप्पल शोधायला वेळ लागला — इतक्या चपला असायच्या तिथे. तो सगळा वेळ मी वर उभी होते. चार पायऱ्या उतरले असते तरी पुरलं असतं. नाही उतरले.

पुढे माझं पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर ताट. मग तासांचं चित्रीकरण झालं, मोबाईलवर पसरलं, मला रिक्षावाले ओळखू लागले. नवरा पाहुण्यांना सांगतो, हिच्या आईची गंमत माहितेय का तुम्हाला? आणि मी चहा ओतत राहते. माझी बहीण एकदा म्हणाली, आपल्याकडे कधी होती गं मांजर? मी म्हटलं, तू लहान होतीस. बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे.

समारंभाच्या आधी, याच पावसाळ्यात, मला एका दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात जावं लागलं. खिडकीपलीकडे ती होती. केस थोडे पांढरे, चष्मा, टेबलावर फायली, गळ्यात ओळखपत्र. तिनं मला लगेच ओळखलं. "मॅडम, आत या, बसा ना," म्हणाली. खुर्ची दिली, कागद स्वतः फिरवून आणला. तिचं आयुष्य मोडलं वगैरे नाही, हे मला स्पष्ट सांगायला हवं. परीक्षा देऊन नोकरी मिळवली, वारज्यात घर घेतलं, सुखात आहे. तिला बिचारी करून माझ्या पापाला मोठेपणा आणायचा नाही. पण तिला शिकवायचं होतं. आणि माझी जीभ बघा — मीच विचारलं, शिकवायचं मग सोडलंस का?

"पुन्हा नाही उभी राहिले वर्गापुढे," ती म्हणाली आणि शिक्का शोधू लागली.

शिक्का सापडल्यावर, तो मारता मारता, तिनं सांगितलं की तिची मुलगी सातवीत आहे, शाळेत त्यांना माझा ताटाचा व्हिडिओ दाखवला. मुलीनं घरी येऊन आईला सगळं समजावलं, परात, मांजर, वरवंटा. "मी तिला म्हटलं, अगं, ते ताट आपल्या घरातलं आहे, तुझी आजी ठेवायची. तर मला म्हणाली, आई, काहीही फेकतेस." ती हसली. मग म्हणाली, "आई असती तर तिला विचारलं असतं. आई गेली दोन वर्षांपूर्वी."

म्हणजे आता साक्षीला मी एकटी उरले आहे. तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. फोन करा म्हणाली नाही, मुलीला सांगा म्हणाली नाही. नुसतं सांगितलं आणि कागद पुढे केला. पुन्हा ती तशीच थांबली होती, त्या खोलीत थांबली होती तशी. आणि मी — या वयात, नोकरी संपत आलेली, जायला आता काहीही नाही, सरसुद्धा हयात नाहीत — मी म्हटलं, "आजकालची मुलं अशीच असतात गं." दाखला पिशवीत घातला आणि बाहेर पडले. भिजत स्टॉपपर्यंत आले, छत्री पिशवीतच होती.

वारजे काही लांब नाही. बस थेट जाते. मी गेलेले नाही.

वही सापडत नाही म्हटलं होतं ना? ती कधी हरवलीच नव्हती. कपाटात, साड्यांच्या खाली होती. समारंभाहून आल्यावर मी ती काढली, आता माझ्यासमोर आहे. तपकिरी कागदाचं कव्हर, त्यावर तिचं नाव, आणि मागच्या पानांवर अजून ती चिठ्ठी. टाचणी गंजली आहे. लिहिलंय — मॅडम, जिथे चुकलं असेल तिथे लाल पेननं खूण करा, म्हणजे मी सुधारून घेईन.

पाच पानं आहेत. मी तेव्हा लाल पेन हातात घेऊनच वाचायला बसले होते. पानांवर लाल खूण एकही नाही. चूक एकही नव्हती. तेवढंही मी तिला कधी सांगितलं नाही.